सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ, पुणे

महाराष्ट्र शासनाच्या स्वतंत्र कायद्याने स्थापन झालेले सार्वजनिक विद्यापीठ. मुख्य परिसर शिवाजीनगर येथे, मुळा-मुठेच्या संगमाजवळ. विद्यापीठाचा दर्जा २३ जून २०२२ पासूनचा. संस्था मात्र जुलै १८५४ ची. आरंभीचे नाव ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’.

पदवीधर अभियंते घडवणे हा आरंभीचा हेतूच नव्हता. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ मध्ये धावली, मे १८५४ मध्ये कल्याणला पोचली आणि १८५६ पर्यंत अंबरनाथ-बदलापूरवरून खोपोलीकडे गेली. पूल, कालवे, रस्ते, सरकारी इमारती अशी कामे एकदम निघाली. आराखडे करणारे साहेब विलायतेहून येत. पण मोजणी करणारा, चुन्याची प्रत ओळखणारा, गवंडी-लोहारांकडून नकाशाबरहुकूम काम करून घेणारा माणूस इथेच तयार करणे भाग होते. हे दुय्यम अधिकारी घडवण्यासाठी ही शाळा निघाली. मुंबई विद्यापीठही तेव्हा अस्तित्वात नव्हते; ते १८५७ मध्ये आले.

पुढची चढण झपाट्याची झाली. संगमाजवळच्या मुख्य इमारतीची कोनशिला गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी १८६५ मध्ये बसवली. १८६६ मध्ये मुंबई विद्यापीठाशी संलग्नता मिळून एलसीई ही परवाना-पदवी सुरू झाली. १८८० च्या सुमारास संस्थेचे ‘कॉलेज ऑफ सायन्स’ झाले आणि शेती व वनविद्याही येथे शिकवू लागले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या याच काळातले विद्यार्थी. ते १८८३ मध्ये एलसीई झाले. खडकवासला धरणावर १९०३ मध्ये बसवलेले त्यांचे स्वयंचलित दरवाजे हे या शिक्षणाचे शहराच्या उशाशीच दिसणारे फळ. १९११ मध्ये ‘कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पूना’ हे नाव आले, पाठोपाठ एलसीईच्या जागी बीई आली. पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर संलग्नता तिकडे गेली. २००३ मध्ये स्वायत्तता मिळाली. १९२८ पासूनची रेगाटा ही नौकास्पर्धा मात्र पुणेकरांना अभ्यासक्रमापेक्षा अधिक परिचित आहे.

पदवी मोठी होत गेली तशी कारागिरी बाजूला पडली, हे या इतिहासात सहसा सांगितले जात नाही. पदविका शिक्षणासाठी पुण्यात १९५७ मध्ये शासकीय तंत्रनिकेतन उघडले. फिटर, टर्नर, वेल्डर यांचे प्रशिक्षण त्याआधीच, १९५० च्या केंद्रीय कारागीर प्रशिक्षण योजनेतून, आयटीआयकडे गेले होते. एकाच छपराखालून निघालेल्या विद्येचे तीन मजले झाले आणि मधले जिने अरुंद राहिले. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला कार्यशाळेचा तास अजून असतो. विद्यार्थी माइल्ड स्टीलचा तुकडा शेगड्यात पकडतो, कानस मारतो, कडेला गुण्या लावून उजेडासमोर धरतो. फटीतून प्रकाश दिसला की पुन्हा कानस. चार-सहा जॉब झाले की हा विषय सुटतो. आयटीआयचा फिटर हेच काम दोन वर्षे करतो.

हा प्रवास एकट्या पुण्याचा नाही. १८२४ ची मँचेस्टर मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन कामगारांसाठी निघाली; तिची वारस संस्था २००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात विलीन झाली. मुंबईत गिरण्यांना तंत्रज्ञ हवे होते म्हणून १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट उभी राहिली. आजची व्हीजेटीआय स्वायत्त आहे, विद्यापीठ नाही. ज्या कारागिरांच्या नावाने अशा संस्था निघाल्या, त्यांना वरच्या मजल्यावर फारशी जागा उरली नाही, असेच म्हणावे लागते.

वर आलेल्या रेल्वेमार्गावरचा उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर हा कारखान्यांचा पट्टा. येथे असे विद्यापीठ उगवले नाही. महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत. उल्हासनगर व अंबरनाथ येथे शासकीय आयटीआय आहेत. तेथून उत्तीर्ण झालेल्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची तरतूद आहे, आणि पदविकेनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षात. राज्याने २०२१ च्या कायद्याने कौशल्य विद्यापीठही स्थापन केले. २०२४ मध्ये त्याला रतन टाटा यांचे नाव देण्यात आले.