राष्ट्रपतींचा नकाराधिकार (भारत)

संसदेने संमत केलेल्या विधेयकाला संमती न देण्याचा, ते फेरविचारासाठी परत पाठवण्याचा किंवा त्यावरील निर्णय प्रलंबित ठेवण्याचा भारताच्या राष्ट्रपतींचा अधिकार म्हणजे राष्ट्रपतींचा नकाराधिकार होय. यास 'व्हेटो' असेही म्हणतात. राज्यघटनेत हा शब्द आढळत नाही. हा अधिकार प्रामुख्याने अनुच्छेद १११ मधील तरतुदींवर आधारलेला आहे.

घटनात्मक तरतूद

राष्ट्रपती हे संसदेचे एक अंग आहेत. लोकसभा व राज्यसभा या दोन्ही सभागृहांनी संमत केलेले विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीनंतरच कायदा बनते. विधेयक सादर झाल्यावर राष्ट्रपती त्यास संमती देतात, संमती रोखून ठेवतात किंवा संदेशासह ते संसदेकडे परत पाठवतात. धन विधेयक परत पाठवता येत नाही. घटनादुरुस्ती विधेयकास संमती देणे १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने बंधनकारक केले आहे. अनुच्छेद ७४ नुसार राष्ट्रपती मंत्रिपरिषदेच्या सल्ल्याने वागतात. त्यामुळे या अधिकाराचा वापर क्वचितच झाला आहे.

प्रकार

निरपेक्ष नकाराधिकार : यात संमती नाकारली जाते व विधेयक संपुष्टात येते. १९५४ मध्ये डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी पेप्सू राज्याच्या विनियोजन विधेयकास, तर १९९१ मध्ये रा. वेंकटरमण यांनी संसद सदस्यांचे वेतन, भत्ते व निवृत्तिवेतन यासंबंधीच्या विधेयकास संमती दिली नाही.

निलंबनकारी नकाराधिकार : यात विधेयक फेरविचारासाठी परत पाठवले जाते. संसदेने ते बदल करून अथवा न करता साध्या बहुमताने पुन्हा संमत केल्यास राष्ट्रपतींना संमती रोखता येत नाही. २००६ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी लाभाच्या पदासंबंधीचे विधेयक परत पाठवले. संसदेने ते कोणताही बदल न करता पुन्हा संमत केले आणि राष्ट्रपतींनी त्यास संमती दिली.

पॉकेट व्हेटो : यात राष्ट्रपती संमती देत नाहीत, नाकारत नाहीत व विधेयक परतही पाठवत नाहीत. १९८६ च्या भारतीय टपाल (दुरुस्ती) विधेयकाने सरकारला नागरिकांची पत्रे अडवण्याचे व्यापक अधिकार मिळणार होते. ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर निर्णयच दिला नाही. तत्कालीन सरकारपाशी लोकसभेत चारशेहून अधिक जागा होत्या. विधेयक परत पाठवले असते, तर ते पुन्हा संमत होऊन संमती देणे भाग पडले असते. या विधेयकाचे कायद्यात कधीच रूपांतर झाले नाही.

अमेरिकेशी तुलना

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना रविवार वगळून दहा दिवसांत निर्णय घ्यावा लागतो. या मुदतीत स्वाक्षरी न झाल्यास विधेयक आपोआप कायदा बनते. मात्र तहकुबीमुळे काँग्रेसकडे ते परत पाठवणे अशक्य झाल्यास ते रद्द होते. राष्ट्राध्यक्षांचा नकार रद्द करण्यासाठी दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात. भारतात साधे बहुमत पुरते, परंतु निर्णयासाठी मुदत नाही. त्यामुळे भारतीय राष्ट्रपतींचा उघड नकार दुर्बल, तर मौन प्रभावी ठरू शकते.

राज्यांची विधेयके

अनुच्छेद २०० नुसार राज्यपाल राज्याचे विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवू शकतात. अनुच्छेद २०१ नुसार राष्ट्रपतींनी परत पाठवलेल्या अशा विधेयकावर विधिमंडळाने सहा महिन्यांत फेरविचार करावयाचा असतो. मात्र ते पुन्हा संमत झाले, तरी राष्ट्रपतींवर संमतीचे बंधन नसते. म्हणजेच राज्यांच्या बाबतीत हा अधिकार अधिक प्रबळ आहे.

कालमर्यादेचा प्रश्न

८ एप्रिल २०२५ रोजी तमिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राखून ठेवलेल्या विधेयकांवरील निर्णयासाठी राष्ट्रपतींना तीन महिन्यांची मुदत सांगितली. त्यानंतर राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी अनुच्छेद १४३ अन्वये न्यायालयाचे मत मागवले. २० नोव्हेंबर २०२५ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने न्यायालय अशी कालमर्यादा ठरवू शकत नाही व संमती गृहीत धरता येत नाही, असे मत दिले.