बोरघाटांतील सांधा

कर्जतेहून खंडाळ्यास जातांना प्रवासी दऱ्या पाहतो व बोगदे मोजतो. या घाटाचा इतिहास लिहिणारांचेंही बहुधा तसेंच होतें. इ. स. १८५६ त खालापूर तालुक्यांतील खोपोलीपर्यंत आगगाडी आली. १८५८ त खंडाळ्याहून पुण्यास जाऊं लागली. मधला घाट म्हाताऱ्याकोताऱ्यांनीं व लेकुरवाळ्या बायकांनीं डोलींतून नाहीं तर तट्टावरून चढावा, अशी स्थिति होती. २१ एप्रिल १८६३ रोजीं मार्ग पुरा झाला व हे हाल संपले. २५ बोगदे, १८३१ फुटांची चढण, ३७ फुटांस एक फूट असा कठीण उतार, हे आंकडे प्रसिद्धच आहेत. आम्हांस मात्र आज एका लहानशा योजनेविषयीं लिहावयाचें आहे.

यंत्राची रचना करणारा ती कोणासाठीं करतो? स्वतःसारख्या जाणत्या व सावध माणसासाठीं, कीं रात्रीच्या जागरणानें शिणलेल्या, पावसांत व धुक्यांत सांपडलेल्या माणसासाठीं? बोरघाटानें या प्रश्नाचीं दोन उत्तरें दिलीं आहेत.

पहिलें उत्तर रिव्हर्सिंग स्टेशनचें. डोंगराच्या अरुंद कड्यावर गाडी थांबवून ती उलट दिशेनें पुढें न्यावयाची, ही युक्ति कागदावर सुरेख दिसे. पण थांबण्यांत चूक झाल्यास पुढें दरी होती. जानेवारी १८६९ त एक गाडी आवरली गेली नाहीं व टोक ओलांडून गेली. १९२९ त नवा मार्ग झाला, तेव्हां हें स्थानक सुटलें.

दुसरें उत्तर कॅच सायडिंगचें. उतारावर ठराविक जागीं मुख्य रुळांपासून एक फांटा चढावर नेलेला असतो, आणि सांधा नेहमीं त्या फांट्याकडेच वळवून ठेवलेला असतो. उतरणाऱ्या गाडीनें आधीं पूर्ण थांबावें, चालकानें शिटीनें तसें कळवावें, मगच सांधा मुख्य मार्गास मिळतो. गाडी आवरली नाहीं, तर ती आपोआप चढावर जाऊन वेग गमावते. येथें कोणी विसरला, कोणी झोपला, तरी त्या विसराळूपणाचा परिणाम सुरक्षितपणाच होय!

इंग्लंडांतही हाच धडा महागांत पडला. तेथें पूर्वीं पांढरा दिवा म्हणजे ‘मार्ग मोकळा’. पण लाल कांच फुटली कीं धोक्याचा दिवाही पांढराच दिसे! म्हणून पुढें पांढरा सोडून हिरवा घेतला गेला.

आमच्या घरांत येणारीं औषधांचीं सूचनापत्रें, विजेच्या उपकरणांचीं माहितीपुस्तकें, कचेऱ्यांतील अर्ज पाहिले म्हणजे हा सांधा आठवतो. बारीक अक्षर, अवघड शब्द, उलटसुलट कलमें. आणि आजीबाईची गोळी चुकली कीं दोष आजीबाईचा! आमच्या मतें, लिहिणारानें आधीं वाचणाराची चूक गृहीत धरावी व तिला चढावरची वाट ठेवावी. ती न ठेवणें म्हणजे पुन्हा त्या कड्यावरच स्थानक बांधणें होय.