बारव, आड आणि नारू : मराठवाड्यातील पाणी भरण्याच्या रीतीचा आरोग्येतिहास

पाथरीचा इतिहास प्रामुख्याने राजकीय अंगानेच लिहिला गेला आहे. फरिश्त्याच्या मते अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे पूर्वज मूळचे पाथरीचे कुलकर्णी. त्यामुळे सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा परगणा निजामशाही व वऱ्हाडची इमादशाही यांच्यातील संघर्षाचे कारण ठरला. तथापि, या मुलखातील माणूस रोजचे पाणी कसे भरत होता, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. त्याच्या आरोग्याचा मोठा भाग याच क्रियेवर अवलंबून होता.

परभणी जिल्ह्यातील वालूर व चारठाणा येथील बारवा स्थापत्यदृष्ट्या विख्यात आहेत. त्यांच्या वर्णनांत पायऱ्या, कोनाडे यांची मोजमापे येतात. त्या पायऱ्या उतरणाऱ्या पावलांचा विचार सहसा येत नाही. आडातील पाणी पोहरा सोडून वरूनच शेंदावे लागते. बारवेत मात्र माणूस थेट पाण्यापर्यंत उतरतो आणि नारूचे संपूर्ण चक्र या उतरण्यावरच चालत असे. रुग्णाचा पाय पाण्यात बुडाला की फोडातून डोकावणारी मादी असंख्य अळ्या सोडते. सायक्लॉप्स नावाचे सूक्ष्म जलजीव त्या गिळतात. ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या शरीरात कृमी वाढतो व सुमारे वर्षभराने, बहुधा पायातूनच, बाहेर पडू लागतो. उन्हाळ्यात पाणी तळाशी गेले की संसर्ग बळावे. परिणामी पुढील वर्षी ऐन पेरणीच्या तोंडावर माणूस अंथरुणाला खिळे. कृमी काडीवर गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढणे, एवढाच काय तो इलाज. दुखऱ्या पायाने घागर भरणाऱ्या स्त्रीच्या अज्ञानास दोष देणे अनैतिहासिक ठरेल. घरात पाणी आणण्याचे काम तिचे होते आणि उतरण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

पाणी कापडाने गाळून पिण्याची जैन कुटुंबांतील रीत अहिंसेच्या भावनेतून आली. तिने सायक्लॉप्सही अडविले जात, हा तिचा अनपेक्षित लाभ होय.

१९७२ च्या दुष्काळानंतर कूपनलिका व हापसे यांचा प्रसार वाढला. परभणीशेजारच्या जालन्यात मिशनच्या कार्यातून घडलेला हातपंप, पुढे सोलापूरचा पंप आणि त्यातून ‘इंडिया मार्क २’ अशी या हापशाची वंशावळ आहे. पाणी भरणाऱ्याचा पाय पाण्यापासून प्रथमच दूर झाला.

नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत सुमारे ४०,००० रुग्ण नोंदले गेले. लस नव्हती, कृमी मारणारे औषधही नव्हते. बारवांचे रूपांतर शेंदण्याच्या विहिरींत करणे, पाण्यात टेमेफॉस टाकणे, घरोघरी गाळण्याचे कापड पोहोचविणे आणि रुग्णाला पाण्यात उतरू न देणे, हीच साधने होती. देशातील अखेरचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.