खेळातील संगीताची पारख

संगीताची पारख करणाराने ते कोठे बसून ऐकावे, हा प्रश्न वरवर पाहता फिजूल वाटेल. गाणे मैफलीत ऐका की तबकडीवर ऐका, ते चांगले असेल तर चांगलेच ठरेल, असे कोणीही म्हणेल. परंतु आज ज्या संगीताविषयी मी बोलणार आहे, त्याच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. हे संगीत व्हिडिओ गेमचे आहे. त्यातही ज्यांना ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात त्यांचे. खेळणारा एखाद्या वीराची भूमिका घेतो आणि गावोगाव हिंडत, भुयारे धुंडाळीत, राक्षसांशी झुंजत एक दीर्घ कथा पुरी करतो. तिला तीस-चाळीस तास सहज लागतात. माझ्या वर्गातील मुले मधल्या सुटीत ज्या चाली गुणगुणतात, त्यांपैकी काही याच घरच्या असतात. ऐन तासाला गुणगुणल्या तर मी डोळे वटारतो, ही गोष्ट निराळी.

या संगीताचा खरा पाया जपानात घातला गेला. 27 मे 1986 रोजी एनिक्स या कंपनीचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा खेळ बाजारात आला. त्याचे संगीतकार कोइची सुगियामा त्या वेळी 55 वर्षांचे होते आणि दूरचित्रवाणी व जाहिराती यांसाठी संगीत रचून नाव मिळविलेले होते. ज्या यंत्रावर हा खेळ चालावयाचा ते निन्तेन्दो कंपनीचे ‘फॅमिकॉम’, 1983 सालचे. त्याच्या अंगी नादाच्या पाचच वाटा होत्या : दोन चौकोनी लहरींच्या, एक त्रिकोणी लहरीची, एक नुसत्या खरखरीची आणि एक ध्वनिमुद्रित बारीक तुकड्यांची. संपूर्ण खेळ, चित्रे, संवाद आणि संगीत धरून, 64 किलोबाइटांत बसविलेला. आज आपल्या खिशातील फोनने काढलेले एखादे साधे छायाचित्रदेखील याच्या कितीतरी पट जागा अडविते!

एवढ्याशा सामग्रीत सुगियामांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. राजवाड्यात अठराव्या शतकातील युरोपीय दरबाराची आठवण करून देणारी रचना वाजते. मोकळ्या माळावर एकट्या वीराबरोबर एक उदास, एकाकी चाल चालते. मात्र त्यांच्या कल्पकतेची खरी साक्ष भुयारात पटते. खेळणारा एक-एक मजला खाली उतरू लागला की तीच चाल प्रत्येक मजल्यागणिक अधिक संथ आणि अधिक खालच्या पट्टीत वाजू लागते. आपण किती खोल आलो हे डोळ्यांच्या आधी कानांना कळते. जानेवारी 1987 मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात तिसरी सोबतीण, एक राजकन्या, येऊन मिळेपर्यंत माळावरची चाल एक असते आणि ती मिळाली की दुसरी, उमेदीची, सुरू होते. ही दुसरी चाल सुटी ऐकली तर एक बरी चाल, एवढेच वाटेल. पुष्कळ वेळ एकाकी वणवण करून ती मिळविलेल्या माणसाला ती काय वाटते, हे त्यालाच विचारावे.

आणि तरीही, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये टोकियोच्या सन्टोरी सभागृहात सुगियामांनी या दोन्ही खेळांचे संगीत तंतुवाद्यांच्या वृंदाकडून वाजवून घेतले. व्हिडिओ गेमच्या संगीताची ही पहिली मैफल मानली जाते. श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या हे योग्यच. पण भुयाराचे मजले सभागृहात कोठून येणार? आपल्याकडे नाट्यपदांचेही असेच झाले. ‘मानापमाना’तील पदे 1911 साली प्रसंगासाठी बांधली गेली, पुढे ती मैफलीत आली, वाढली, शोभली, परंतु गायकाने घेतलेल्या तानांवरून नाटकातील त्या पदाची जागा जोखता येत नाही.

सुगियामांच्या मागोमाग, डिसेंबर 1987 मध्ये, स्क्वेअर कंपनीच्या ‘फायनल फँटसी’द्वारे नोबुओ उएमात्सु पुढे आले. जन्म 1959 चा. संगीत स्वतःच शिकलेले. 1994 च्या सहाव्या भागात त्यांनी चक्क एक ऑपेरा घातला. नादासाठी अवघी 64 किलोबाइट स्मृती असलेल्या यंत्रात मानवी कंठ कोठला? शब्द पडद्यावर उमटतात, गळ्याची नक्कल यंत्र करते, आणि पुढची ओळ कोणती हे खेळणाराने निवडावयाचे. चुकला तर प्रयोग थांबतो. कंठावाचून ऑपेरा ही कल्पना हास्यास्पद ठरावयाची, ती हृद्य ठरली, कारण गाण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर टाकली होती.

पुढे निवाडे करणारे पुष्कळ झाले. 2003 साली जर्मनीत लाइप्झिगच्या गेवांडहाउसमध्ये, जपानबाहेर प्रथमच, अशी वाद्यवृंदाची मैफल झाली. 2013 साली ब्रिटनच्या ‘क्लासिक एफएम’ या नभोवाणी केंद्राच्या वार्षिक कौलात ‘फायनल फँटसी’चे संगीत तिसऱ्या क्रमांकावर आले. चाहत्यांनी मोहीम काढून मते दिली होती, म्हणून अनेक जाणकारांनी नाके मुरडली. मला त्या रागात फारसा अर्थ दिसत नाही. पण तो कौल प्रेमाचा होता, पारखीचा नव्हे, हेही खरे. ग्रॅमी पारितोषिकांत या संगीतासाठी स्वतंत्र विभाग 2023 पासून आला. 2025 साली तो मान विनिफ्रेड फिलिप्स यांना मिळाला, ‘विझर्डरी’साठी. हा मूळचा 1981 सालचा अमेरिकन खेळ, नव्या रूपात पुन्हा काढलेला. आणि ‘ड्रॅगन क्वेस्ट’ला प्रेरणा देणाऱ्या खेळांपैकी तो एक! पण हे पारितोषिकही ध्वनिमुद्रणालाच दिले जाते.

माझी कसोटी साधी आहे. लढाईची चाल खेळणाराला शेकडो वेळा ऐकावी लागते आणि दर वेळी ती मध्येच तुटते. गावाची चाल तो दुकानात वस्तू निवडीत उभा असताना फिरून फिरून वाजत राहते. तेव्हा पहिल्या ऐकण्याला दिपविणारी रचना येथे पुष्कळदा विसाव्या वेळी डोके उठविते. शंभराव्या वेळीही जी नकोशी होत नाही, आणि खेळ संपल्यावर जिच्यामुळे ते गाव डोळ्यांपुढे उभे राहते, ती थोर. या कसोटीला अलीकडची कित्येक भव्य वृंदसंगीते उतरत नाहीत. पार्श्वभूमीला नुसता गंभीर गुंजारव, चाल कोठेच नाही. उलट फॅमिकॉमच्या काळी लपावयास जागाच नव्हती; चाल नसेल तर काहीच नसे.

23 जुलै 2021 रोजी टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनाला, साथीमुळे प्रेक्षकांवाचून रिकाम्या असलेल्या क्रीडागारात, राष्ट्रांचे संचलन याच खेळांच्या संगीतावर झाले. आरंभ ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या प्रारंभगीताने झाला. मेरी कोम आणि मनप्रीतसिंग तिरंगा घेऊन आले तेही याच संचलनात. दूरच्या प्रवासाला निघालेल्या माणसांसाठी 1986 साली रचलेली ती चाल त्या दिवशी पुन्हा चालणाऱ्यांच्याच सोबतीला होती. सुगियामा तेव्हा 90 वर्षांचे होते. त्याच सप्टेंबरच्या 30 तारखेस ते वारले.