विद्यार्थ्याचे ताट : माधुकरीपासून मेसपर्यंत

पुण्याच्या इतिहासात कात्रजचे नाव ठळकपणे येते ते पाण्याच्या निमित्ताने. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळाने शहरातील हौदांपर्यंत आले आणि पेठांतील घराघरांत त्यावर स्वयंपाक होऊ लागला. त्या घरांच्या दारात रोज दुपारी एक पाहुणा उभा राहत असे, तो म्हणजे विद्यार्थी. बाहेरगावाहून विद्येसाठी आलेल्या या मुलाचे जेवण कोणी पाहावयाचे, या प्रश्नाला पुण्याने आणि आपल्या समाजाने वेळोवेळी दिलेली उत्तरे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पहिले उत्तर माधुकरीचे. झोळी घेऊन ठरावीक घरे फिरावीत आणि मिळेल ते शिजलेले अन्न खावे, अशी ती रीत. दुसरी रीत वार लावून जेवण्याची : सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. या दोन्ही पद्धतींत मानहानी होती, जातीची बंधने होती, अर्धपोटी झोपणेही होते. या व्यवस्थेचा गौरव करण्याचे कारण नाही. तथापि तीत एक गोष्ट होती. वाराचा मुलगा आला नाही, किंवा पानावरून लवकर उठला, तर घरच्या गृहिणीच्या ते ध्यानात येत असे. १९०९ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने आणि १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी सुरू केलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीने गरीब मुलांची ही जबाबदारी संस्थेच्या खांद्यावर घेतली.

जैन समाजाचे उत्तर बोर्डिंगचे होते. दानवीर सेठ माणिकचंद हिराचंद यांनी मुंबईत जैन बोर्डिंग उभारले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ मध्ये दिगंबर जैन बोर्डिंग निघाले. आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने १९१५ मध्ये मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय सुरू झाले. पुढे त्याची शाखा पुण्यातही आली. पुण्याच्या मॉडेल कॉलनीतील सेठ हिराचंद नेमचंद दिगंबर जैन बोर्डिंगही याच परंपरेतले. मुलाने शिकावे, पण त्यासाठी आहाराचे नियम सोडावे लागू नयेत, हा या वसतिगृहांचा एक प्रमुख हेतू होता. कंदमुळाविना स्वयंपाक आणि सूर्यास्तापूर्वी पंगत, ही त्यांची शिस्त.

कोल्हापूरच्या त्याच बोर्डिंगमध्ये राहिलेल्या एका विद्यार्थ्याला तेथील शिस्त मानवली नाही. तो म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांनी १९२४ मध्ये सातारा येथे सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसविणारे वसतिगृह काढले. मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. विद्यार्थ्याचे ताट ही समाजाची जबाबदारी आहे, याचा याहून मोठा दाखला कोणता?

१९६४ मध्ये डॉ. पतंगराव कदम यांनी भारती विद्यापीठाची स्थापना केली. १९९६ मध्ये त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. धनकवडी-कात्रज परिसरात शैक्षणिक संकुल उभे राहिले, आणि भोवती खोल्या, वसतिगृहे, मेस, डबेवाल्या भगिनी व नाश्त्याच्या गाड्या यांचे एक गावच वसले. ‘जैन जेवण मिळेल’ अशा पाट्याही लागल्या. आता अन्नाची वाण नाही; वाण आहे ती ताटाकडे पाहणाऱ्या डोळ्याची. मेसचे पैसे महिन्याचे आगाऊ भरलेले असतात. मूल जेवले की नाही, हे कोणी विचारत नाही. प्रात्यक्षिके संपेपर्यंत हिवाळ्यात सूर्य मावळतो आणि चौविहार पाळणारी मुलगी उपाशी झोपते. सकाळी चहा-बिस्किट, रात्री उशिरा वडापाव वा नूडल्स, हा अनेकांचा क्रम होऊन बसतो.

ही झाली सवयीची गोष्ट. तिच्यापुढे एक आजार आहे. १८७३ मध्ये लंडनचे सर विल्यम गल यांनी जाणूनबुजून अन्न टाळत कृश होत जाणाऱ्या तरुणींच्या विकाराला ‘अॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव दिले. १९७९ मध्ये जेराल्ड रसेल यांनी भरमसाट खाऊन मग ओकून टाकण्याच्या ‘बुलिमिया’चे वर्णन केले. हे हट्ट किंवा नखरे नव्हेत; ते मनाचे आजार आहेत, मुलींप्रमाणे मुलांनाही होतात आणि प्रसंगी जिवावर बेततात. केवळ उपासमारीनेही मन कसे बदलते, हे अमेरिकेत मिनेसोटा येथे १९४४-४५ मध्ये अॅन्सेल कीज यांनी दाखविले. युद्धात शस्त्र धरण्यास नकार देणारे ३६ निरोगी तरुण त्या प्रयोगात स्वेच्छेने सामील झाले. सुमारे सहा महिने अपुऱ्या अन्नावर राहताच ते चिडचिडे व एकलकोंडे झाले. त्यांच्या मनात अन्नावाचून दुसरा विचार उरला नाही.

येथे सुज्ञ वाचकाच्या मनात प्रश्न येईल : मग आपल्या तपाचे काय? आपल्या शास्त्रकारांनी अनशन आणि ऊणोदरी ही बाह्य तपे सांगितली, तसेच शक्तितस्तप, म्हणजे शक्तीनुसार तप, हेही आवर्जून सांगितले. तपाला पच्चक्खाण असते, गुरूंची आज्ञा असते, मुदत असते आणि शेवटी पारणे असते. त्याचा रोख कषाय कमी करण्याकडे असतो, कंबर कमी करण्याकडे नव्हे. आजाराला पारणे नसते. तो लपून राहतो, आरशाला भितो आणि देहासक्ती घटविण्याऐवजी वाढवितो. म्हणूनच आधीच खंगलेल्या मुलीने आणखी एक उपवास मागितला, तर अनुमोदना करण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी थांबून चौकशी करावी. आजारपणात तप न करणे हा धर्माचा लोप नव्हे.

लक्षणे ओळखण्याजोगी आहेत : झपाट्याने घटणारे वजन, चारचौघांत जेवण टाळणे, जेवताच न्हाणीघरात जाणे, सतत थंडी वाजणे, मुलींची पाळी बंद होणे. अशा वेळी रागावू नये, शरीरावरून थट्टा करू नये. डॉक्टरांना आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. शासनाची ‘टेली-मानस’ ही निःशुल्क सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मार्गदर्शन करते. योग्य उपचारांनी मुले बरी होतात.

आपल्या पूर्वजांनी विद्यार्थ्यासाठी इमारती बांधल्या, पंगती मांडल्या. कात्रज परिसरात राहणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यांसाठी आपल्याला फार मोठे काही करावयाचे नाही. सूर्यास्तापूर्वी मिळेल असा एक डबा, रविवारी घरच्या पंगतीला एक पान आणि ते पान रिकामे राहिले तर आपुलकीने केलेली चौकशी, एवढे प्रत्येक कुटुंबाला शक्य आहे. वारांच्या रूढीतील मानहानी गेली, ते उत्तमच झाले. तिच्यातील गृहिणीची ती नजर मात्र समाजाने परत आणावी.