शॉर्ट स्टॅक (पोकर स्पर्धा)

पोकर स्पर्धेत खेळाडूकडे उरलेल्या चिप्स मोठ्या ब्लाइंडच्या (पाने वाटण्याआधी दोन खेळाडूंनी सक्तीने लावायच्या रकमांपैकी मोठीच्या) साधारण दहा-बारा पटींवर आल्या, की त्या स्थितीला शॉर्ट स्टॅक म्हणतात. ब्लाइंड ठरावीक वेळाने वाढत असल्याने नुसते वाट पाहत बसणाऱ्याच्या चिप्स झिजत जातात.

पोकर खेळवणाऱ्या कॅसिनोंची जहाजे गोव्यात, पणजीपाशी मांडवी नदीत नांगरलेली असतात. गोव्याचा सार्वजनिक जुगार कायदा 1976 चा. 1992 च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांना आणि 1996 च्या दुरुस्तीने जहाजांवरच्या टेबलखेळांना वाट मोकळी झाली. 2017 मध्ये वर्ल्ड पोकर टूरची भारतातली स्पर्धा ‘डेल्टिन रॉयल’ जहाजावर झाली. फेब्रुवारी 2020 पासून मात्र गोमंतकीयांना कॅसिनोत खेळण्यास मनाई आहे आणि 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवरही बंदी घातली. जुगाराने संसार बुडालेले पाहिलेल्या प्रदेशात ही बंदी योग्यच आहे. स्पर्धेतले गणित मात्र एक पैसाही न लावता शिकता येते.

समजा ब्लाइंड 500 आणि 1,000, शिवाय अँटी, म्हणजे डावासाठीची आणखी एक सक्तीची रक्कम, 1,000. डाव सुरू होतानाच मध्ये 2,500 आहेत आणि आपल्याकडे 10,000. नुसता कॉल केला (लागेल तेवढीच रक्कम लावली) किंवा 2,500 पर्यंत रेझ केले (रक्कम वाढवली) आणि मागून कुणी ऑल-इन गेला (सगळ्या चिप्स लावल्या), तर चिप्सचा चांगला लचका गमावून पाने टाकावी लागतात. म्हणून इथे दोनच निर्णय उरतात: ऑल-इन किंवा फोल्ड, म्हणजे पाने टाकणे. सगळ्यांनी पाने टाकली तर 2,500 मिळतात, म्हणजे चिप्समध्ये एकदम चौथा हिस्सा भर. बटनावरून (पाने वाटणाऱ्याच्या जागेवरून) ऑल-इन गेलो, मोठ्या ब्लाइंडने कॉल केला आणि आपल्या पानांची जिंकण्याची शक्यता 35 टक्केच असली, तर सरासरी तोटा 2,475 चा. याचा अर्थ, साधारण निम्म्या वेळा जरी सगळ्यांनी पाने टाकली तरी खेळी अंगावर येत नाही.

कॉल करणाऱ्याला ही सवलत नसते. समोरचा माघार घेण्याचा प्रश्नच नाही. जिंकायचे ते पानांच्याच जोरावर. वरच्या उदाहरणात मोठ्या ब्लाइंडला 12,500 साठी 9,000 घालायचे आहेत, म्हणून त्याला जिंकण्याची किमान 42 टक्के शक्यता हवी. त्यामुळे जी पाने घेऊन आपण पहिले ऑल-इन जाऊ, त्यांतल्या बऱ्याच पानांवर दुसऱ्याच्या ऑल-इनला कॉल करता येत नाही. कमी चिप्स असलेले बहुतेक खेळाडू नेमके इथेच चुकतात: पहिली चाल घ्यायला घाबरतात आणि नंतर वैतागून कॉल करतात.

बक्षिसे जवळ आली की हिशेब आणखी कडक होतो. डेव्हिड हार्विल यांनी 1973 मध्ये घोड्यांच्या शर्यतीसाठी मांडलेले सूत्र मेसन मालमथ यांनी 1987 मध्ये पोकरला लावले, आणि चिप्सची किंमत बक्षिसाच्या रकमेत मोजता येऊ लागली. तीन खेळाडू उरले आहेत, तिघांच्या चिप्स समान आहेत आणि मोठ्या स्पर्धेची तिकिटे दोन आहेत असे धरू. प्रत्येकाचा वाटा दोन-तृतीयांश तिकिटाचा. ब्लाइंड बाजूला ठेवले तर ऑल-इनला कॉल करायला जवळपास 67 टक्के शक्यता लागते. समोरचा कोणत्याही दोन पानांवर ऑल-इन जात असला, तरी बदामचा एक्का आणि किलवरचा राजा सुमारे 65 टक्केच जिंकतात. अशा वेळी ती देखणी पाने टाकावीत. दश्शांची जोडी 75 टक्के जिंकते, तिच्यावर कॉल करावा.