मधुर मूत्राची कथा

कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास बीड जिल्ह्यांतील कपिलधारेची वाट दिंड्यांनीं गजबजते. मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनास पायीं निघालेल्या या मंडळींपैकीं कित्येकांच्या पडशींत आतां मधुमेहाच्या गोळ्या असावयाच्याच. पोट रिकामें, चाल कोसांची आणि गोळी मात्र नेहमींची! अशा वेळीं एका गोळीनें भोवळ येते, दुसरीनें सहसा येत नाहीं. हा भेद समजण्यास या औषधांचा इतिहासच पाहिला पाहिजे.

आपल्या प्राचीन वैद्यांनीं हा रोग मूत्रावरून ओळखला. मूत्र मधासारखें, त्यास मुंग्या लागतात, म्हणून नांव मधुमेह. परंतु खरें वैगुण्य मूत्रांत नसून रक्तांत आहे. 1921 सालीं टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं स्वादुपिंडाचा अर्क काढला आणि पुढील वर्षाच्या जानेवारींत तो एका चौदा वर्षांच्या मुलास टोंचण्यांत आला. रक्तांतील साखरेस स्नायूंत शिरण्याची वाट करून देणारें इन्सुलिन तें हेंच.

गोळीचा शोध मात्र अपघातानें लागला. 1942 सालीं फ्रान्समधील माँपेलिए येथें विषमज्वराच्या रोग्यांस जानबाँ यांनीं एक नवें सल्फा औषध दिलें, तों कांहींच्या रक्तांतील साखर धोक्याइतकी उतरली. हें औषध स्वादुपिंडास चाबूक मारून इन्सुलिन सोडावयास लावतें, असें लूबातिएर यांनीं दाखविलें. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड हीं त्याच घराण्यांतलीं. धन्यानें भाकरी खाल्ली कीं उपास केला, याची चौकशी हा चाबूक करीत नाहीं!

मेटफॉर्मिनची प्रकृति निराळी. गॅलेगा नामक युरोपीय वनस्पतींतील द्रव्याशीं त्याचें नातें. पॅरिसच्या स्टर्न यांनीं 1957 मध्यें त्याचे रोग्यांवरील अनुभव प्रसिद्ध केले. तें मुख्यत्वें यकृतास साखर सोडण्यापासून आवरतें. स्वादुपिंडास डिवचीत नसल्यानें, एकटें घेतल्यास त्यापासून भोवळ क्वचितच.

यात्रेकरू तर बहुधा किडकिडीत, त्यांस हा रोग कसा, अशी शंका वाचकांस येईल. पुण्याचे डॉ. याज्ञिक व लंडनचे युडकिन यांनीं 2004 मध्यें स्वतःचींच शरीरें तुलनेस मांडलीं. उंचीच्या मानानें वजन दोघांचें सारखें. पण मेद युडकिन यांच्या अंगीं शेंकडा 9.1, तर याज्ञिकांच्या अंगीं 21.2!

सर्वांत नवल शेवटच्या औषधाचें. सफरचंदाच्या झाडाच्या सालींतून 1835 सालीं फ्लोरिझिन निघालें. त्यानें मूत्रांत साखर उतरते हें फॉन मेरिंग यांनीं 1886 मध्यें पाहिलें. मूत्रपिंड गाळलेली साखर पुन्हां रक्तांत ओढून घेतें. ती ओढ हें द्रव्य अडवितें. त्याच तत्त्वावरचें डॅपाग्लिफ्लोझिन 2012 मध्यें युरोपांत मान्य झालें. ज्या मधुर मूत्रास पाहून वैद्य धास्तावत, तेंच आतां वैद्य मुद्दाम उत्पन्न करवितात! अर्थात् साखरेबरोबर पाणीही जातें. तेव्हां उन्हांत तहान मारून चालणाऱ्यास किंवा लांब उपास करणाऱ्यास हें औषध बाधूं शकतें.

कपिलधारेच्या वाटेवर चाबकाची गोळी घेतलेला कोणी घामाघूम होऊन खालीं बसला, तर मधुमेही म्हणून त्यास गूळ देण्यास सोबती कचरतात. तो शुद्धीवर असून गिळूं शकत असेल, तर त्या घटकेस त्याचें औषध गूळच होय.